अठ्ठेचाळीस तासांचा बेडूक

'जॅम' म्हटले की तुमच्यापैकी काहींना पाव आठवेल आणि काहींना चौकात अडकलेली बस. आजचा आपला जॅम मात्र या दोन्हींपैकी नव्हे. जाझ नावाचा एक अमेरिकी संगीतप्रकार आहे. त्यातले वादक पुष्कळदा तालमीशिवायच एकत्र बसतात. एकाने सूर धरला की दुसरा त्यात भर घालतो आणि वाजवता वाजवताच काहीतरी नवे तयार होते. अशा बैठकीला ते 'जॅम' म्हणतात. संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्यांनी हा शब्द तेथूनच उचलला. ठरावीक मुदतीत, बहुधा शनिवार-रविवारच्या सुटीत, एक छोटासा खेळ अगदी पहिल्यापासून तयार करायचा, याचे नाव 'गेम जॅम'.

ही कल्पना फार जुनी नाही. मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे काही मंडळी चार दिवस एकत्र बसली आणि त्यांनी लहान लहान खेळ रचले. त्याच वर्षी 'लुडम डेअर' ही स्पर्धा सुरू झाली. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'खेळ देणे'. पुढे २००९ साली 'ग्लोबल गेम जॅम' सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी २३ देशांतल्या ५३ ठिकाणी लोक एकाच शनिवार-रविवारी कामाला लागले होते.

यातली खरी गंमत अशी की, खेळ कशावर करायचा हे आधी कोणालाच ठाऊक नसते. शुक्रवारी संध्याकाळी विषय जाहीर होतो आणि घड्याळ सुरू! २०१३ सालच्या ग्लोबल गेम जॅममध्ये तर विषय म्हणून एक शब्दसुद्धा दिला नव्हता. ऐकवला होता फक्त एक आवाज : माणसाच्या हृदयाचे ठोके.

आता समजा, तो आवाज तुम्हीही ऐकला आहे. शुक्रवारचे सायंकाळचे पाच वाजले आहेत. रविवारी पाच वाजता खेळ तयार हवा. काय कराल?

बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येते ती कल्पना अवाढव्य असते. एक सूक्ष्म पाणबुडी रक्तवाहिन्यांतून प्रवास करते, वाटेत जंतूंशी लढाई होते, मग फुप्फुस, मग मेंदू, असे दहा टप्पे! ऐकायला झकास. पण आधी जरा हिशेब करू. ४८ तासांतून दोन रात्रींची झोप १४ तास वजा करा. जेवण, अंघोळ, चहा यांचे ६ तास. शेवटचे ४ तास आवराआवरीला लागतात. उरले २४. म्हणजे दोन दिवस म्हणता म्हणता हातात एकच दिवस आला. (झोपच वजा करू नये असे सुचवणारा एक मित्र प्रत्येक गटात असतो. त्याचे ऐकू नका. पहाटे चारला लिहिलेल्या सूचनांतल्या चुका शोधण्यात दुसऱ्या दिवसाची दुपार जाते.)

त्या वर्षी ब्रिटनमधल्या बॉसा स्टुडिओज या संस्थेतल्या चौघांनी हृदयाच्या ठोक्यांवरून शस्त्रक्रियेचा खेळ केला. अख्खे रुग्णालय उभे करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. पडद्यावर शल्यविशारदाचा एक हात, समोर रुग्ण, आणि त्या हाताची पाच बोटे हलवायला पाच वेगवेगळ्या कळा. साधी सुरी उचलायची तरी खेळणाऱ्याची भंबेरी उडते आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते. हा खेळ, 'सर्जन सिम्युलेटर', त्यांनी पुढे आणखी ४८ दिवस खपून वाढवला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विक्रीला आणला.

तेव्हा आपणही पाणबुडी सोडून देऊ. आपल्या खेळात असेल एक बेडूक, तळ्यातली काही पाने आणि एकच कळ. हृदयाचा ठोका पडला की कळ दाबायची. वेळ बरोबर साधली तर बेडूक पुढच्या पानावर उडी मारील, चुकली तर पाण्यात पडेल. पानावर नुसते बसून राहिले तर तीन ठोक्यांनंतर पान बुडेल. जसजशी पाने मागे पडतील तसतसे ठोके जलद होतील. बस्स, एवढेच.

शनिवारी सकाळी काम सुरू. बेडकाचे चित्र काढायला बसू नका! सध्या एक हिरवा चौकोन म्हणजे बेडूक आणि एक करडी पट्टी म्हणजे पान. चित्रे संध्याकाळी काढली तरी चालतील. उडी मात्र आताच जमली पाहिजे.

चौकोन उडी कशी मारतो? सिनेमाप्रमाणेच. नेहमीच्या पडद्यावर संगणक सेकंदाला ६० चित्रे काढतो आणि प्रत्येक वेळी बेडूक थोडासा सरकवतो. पडदा बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, म्हणून अंतर ठिपक्यांत मोजू. संगणकाला दोनच सूचना द्यायच्या : बेडकाचा वरचा वेग जितका असेल तितके ठिपके त्याला वर सरकव आणि मग त्या वेगातून अर्धा वजा कर. सुरुवातीचा वेग ८ ठेवला तर पहिल्या चित्रात बेडूक ८ ठिपके वर जातो, दुसऱ्यात ७.५, तिसऱ्यात ७. असे करत करत सोळाव्या चित्रात अर्धाच ठिपका चढतो आणि सतराव्यात क्षणभर थबकतो. नंतर वेग उणे होतो, म्हणजे बेडूक खाली येऊ लागतो. तुम्ही बेरीज केलीत तर उंची ६८ ठिपके भरेल आणि तेहतिसाव्या चित्राला बेडूक पुन्हा पहिल्या पातळीवर आलेला दिसेल. प्रत्येक चित्रातले वजा होणारे ते ०.५ म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ते आपल्या तळ्यावरचे गुरुत्वाकर्षण! आडवा वेग दर चित्राला ३ ठिपके दिला की एका उडीत बेडूक ९९ ठिपके पुढे जातो, म्हणून पानेही तेवढ्याच अंतरावर मांडू.

दुपारपर्यंत चौकोन या पानावरून त्या पानावर उड्या मारू लागतो. कंटाळवाणे दिसू नये म्हणून तुम्ही एक पान १० ठिपके खाली सरकवता, आणि काय आश्चर्य! बेडूक त्या पानाच्या आरपार जाऊन थेट पाण्यात पडतो. पान तर जागच्या जागीच आहे. मग झाले काय?

पुन्हा हिशेबाकडे वळू. तेहतिसाव्या चित्रात बेडूक मूळ पातळीवर आहे. चौतिसाव्यात तो ८.५ ठिपके खाली, म्हणजे पानाच्या किंचित वर. पस्तिसाव्यात आणखी ९ ठिपके, म्हणजे एकूण १७.५ ठिपके खाली. आपले पान ४ ठिपके जाड आहे. ते १० पासून १४ पर्यंतच पसरलेले. एका चित्रात बेडूक पानाच्या वर होता आणि पुढच्याच चित्रात पानाच्या खाली. पानाला तो टेकला असा क्षण संगणकाच्या दृष्टीने आलाच नाही! खऱ्या बेडकाला मधली प्रत्येक जागा ओलांडावी लागते, आपल्या बेडकाला लागत नाही. त्यामुळे 'बेडूक आता पानात आहे का?' हा प्रश्नच मुळात चुकीचा. 'मघाशी तो पानाच्या वर होता आणि आता खाली आहे का?' असे विचारायचे आणि तसे असेल तर त्याला उचलून पानावर ठेवायचे. एक ओळ बदलते आणि बेडूक वाचतो. मला विचाराल तर खेळ रचण्यातला सर्वांत आनंदाचा क्षण हाच. सुंदर चित्र काढून झाल्यावरसुद्धा इतका आनंद होत नाही.

संध्याकाळी ठोके बसवायचे. हृदयाचा 'लब्-डब्' हा आवाज मुख्यतः त्याच्या झडपा मिटण्यामुळे होतो. टेबलावर बोटाने हलके दोनदा टकटक करून तो आवाज टिपला तरी आपले काम भागेल. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ५० चित्रे जातात. ३३ चित्रांत उडी संपते, उरलेल्या १७ चित्रांत बेडूक पानावर दम खातो. उत्तम! आता खेळ कठीण करण्यासाठी तुम्ही ठोके वाढवत नेता : ८०, ९०, १००, १२०. आणि १२० ला खेळ एकाएकी बंद पडल्यासारखा होतो. कळ अगदी ठोक्यावर दाबली तरी बेडूक हलत नाही.

येथे सूचनांत चूक नाही, चूक आपल्या नियमातच आहे. मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर ३० चित्रांना एक ठोका. पण उडीला लागतात ३३ चित्रे. पुढचा ठोका पडतो तेव्हा बेडूक अजून हवेतच असतो, तो उडी मारणार कशावरून? उपाय दोन. गुरुत्वाकर्षण दुप्पट करा, म्हणजे उडी १७ चित्रांत आटोपेल. पण मग उंची ३६ ठिपक्यांवर येते, अंतरही निम्मे होते आणि सगळी पाने पुन्हा मांडावी लागतात. दुसरा उपाय म्हणजे ठोके १०० च्या पुढे जाऊच द्यायचे नाहीत. १०० ठोक्यांना ३६ चित्रे मिळतात, खालच्या पानावरच्या उडीला ३५ लागतात. जेमतेम, पण पुरते. घड्याळात रात्रीचे दहा वाजले आहेत. मी दुसरा उपाय घेईन आणि झोपायला जाईन.

रविवारी सकाळी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, "माझ्या संगणकावर लावून पाहू या ना." तिचा पडदा नव्या पद्धतीचा, सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा. तेथे आपला बेडूक अंगात वारे शिरल्यासारखा २.४ पट वेगाने उडू लागतो. ठोके घड्याळाप्रमाणे पडतात आणि बेडूक चित्रांप्रमाणे चालतो, म्हणून दोघांची फारकत होते. पडदा कितीही चित्रे काढो, बेडकाचा हिशेब मात्र घड्याळ पाहून सेकंदाला ६० वेळाच करायचा, असे सांगितले की तो ताळ्यावर येतो.

अशी गडबड नेहमीच वाईट असते असे नाही बरे का! १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकाडो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा प्रसिद्ध खेळ केला. त्यात आकाशातून शत्रूंची फौज उतरते. यंत्र मंद होते, इतके शत्रू एकदम हलवताना त्याची दमछाक होई. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की यंत्राचे काम हलके होई आणि उरलेले शत्रू आपोआप जलद धावू लागत. निशिकाडोंनी हे तसेच राहू दिले, कारण त्यामुळे खेळ अधिक रंगतदार झाला. त्यातला चार सुरांचा ठेकाही शत्रू जवळ येताना वाढत जातो, थेट छातीतल्या धडधडीसारखा.

दुपारी खरी परीक्षा. ज्याने आपला खेळ कधी पाहिलेला नाही अशा कोणाला तरी खुर्चीवर बसवा आणि आपण तोंड मिटून मागे उभे राहा. हे फार कठीण जाते. तो भलतीच कळ दाबतो, ठोका ऐकू येत असूनही पानाकडेच बघत बसतो, तीनदा पाण्यात पडतो. 'अरे, ठोक्यावर दाब ना!' असे ओरडावेसे वाटते. पण उद्या हा खेळ अनोळखी माणसाच्या घरी पोचला, तर तेथे तुम्ही सांगायला असणार नाही. मग ध्यानात येते की दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. पहिली, ठोक्याबरोबर पाने किंचित थरथरली पाहिजेत, म्हणजे कानाला डोळ्याची मदत होईल. दुसरी, आपण वेळेची अट फारच कडक ठेवली आहे. एका चित्राचा वेळ म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. इतक्या नेमकेपणाने कोण कळ दाबणार? ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सहा सहा चित्रांची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची सूट द्या. बेडूक पडायचे प्रमाण एकदम घटते आणि खेळणाऱ्याला वाटते, आपलाच हात बसला!

उरलेल्या वेळात हिरव्या चौकोनाला दोन डोळे काढा. पाच वाजतात तेव्हा तुमच्या खेळात पाऊस नाही, मगर नाही, दुसरे तळे नाही. पण खेळ सुरू होतो, खेळता येतो आणि संपतो. जॅममधले पुष्कळसे खेळ येथेच थांबतात. एखाद्याचे नशीब मात्र पुढे जाते. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'तेथे नाही' अशा अर्थाच्या विषयावर फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी एक कोडे रचले. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात, ठोकळे ढकलले की नियम बदलतो. तो खेळ, 'बाबा इज यू', पूर्णत्वाला जाऊन बाजारात आला तो मार्च २०१९ मध्ये. दोन दिवसांच्या खेळावर पुढची सुमारे दोन वर्षे!

तुम्हांला हा बेडूक प्रत्यक्ष उडवून पाहायचा असेल तर एमआयटी या अमेरिकी संस्थेत तयार झालेली, २००७ पासून मुलांना मोफत मिळणारी 'स्क्रॅच' ही साधने वापरा. तिचा पडदा ४८० ठिपके रुंद आहे, म्हणजे आपली चार पाने सहज मावतील. मात्र एक अडचण आहे. स्क्रॅच सेकंदाला ६० नव्हे, ३० चित्रे काढते. तेव्हा सुरुवातीचा वेग ८ ऐवजी १६ घ्यावा लागेल, आडवा वेग ३ ऐवजी ६, आणि गुरुत्वाकर्षण ०.५ ऐवजी २. वेग दुप्पट झाले, मग गुरुत्वाकर्षण चौपट का? आलेखाच्या कागदावर दोन्ही उड्यांचे ठिपके मांडून पाहा. दुसऱ्या उडीची उंची ६८ ऐवजी ७२ भरते आणि बेडूक सतराव्या चित्राला खाली येतो. हा चार ठिपक्यांचा फरक कोठून आला, तेही शोधा.