शंखातला पाहुणा आणि बोटावरची गाठ

सुट्टीत समुद्रावर गेलेली मुले क्वचितच रिकाम्या हाताने परततात. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई. काही वर्षांपूर्वी दहा वर्षांचा एक मुलगा तिथून 'चालता शंख' घरी घेऊन आला. काचेच्या बरणीत समुद्राचे पाणी, तळाशी वाळू आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारे दोन खेकडे. चार दिवसांत दोन्ही मेले. बरणी धुताना मुलाचे बोट तिच्या काठाला खरचटले.

तीन आठवड्यांनी त्या बोटावर लालसर गाठ आली. साधे गळू समजून मी नेहमीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांदाही दिल्या. गाठ बसली नाहीच, उलट मनगटाच्या दिशेने आणखी दोन उठल्या. तेव्हा कुठे मी विचारले, "बाळ, माशांच्या टाकीत हात घातला होतास का?" आणि बरणीची हकीकत बाहेर आली. त्वचारोगतज्ज्ञांनी गाठीचा तुकडा तपासून निदान केले. औषध चार महिने चालले. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, ही चूक माझी.

हा आजार 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' या क्षयरोगाच्या कुळातील जंतूमुळे होतो. समुद्राच्या व माशांच्या टाकीच्या पाण्यात तो आढळतो आणि खरचटलेल्या त्वचेतून शिरतो. सुमारे ३० अंश तापमान त्याला मानवते, शरीराच्या आतल्या ३७ अंशांत त्याची वाढ खुंटते. म्हणून तो बहुधा हातापायांच्या त्वचेतच राहतो. एकाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. आजार विरळा आहे, घाबरू नये. पण लक्षात असू द्यावा.

आता त्या पाहुण्याविषयी. हर्मिट क्रॅब नावाचा हा खेकडा शंख स्वतः तयार करत नाही. त्याचे पोट मऊ असते, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात शिरतो आणि वाढेल तसे घर बदलतो. आपण शोभेसाठी उचललेला शंख म्हणजे कुणाचे तरी पुढचे घर! आपल्या खडकांवरचे हे खेकडे समुद्री असतात. बरणीतले पाणी तापते, त्यातला प्राणवायू संपतो आणि ते मरतात. नळाचे गोडे पाणी घातले तरी तीच गत. परदेशात पाळतात ते जमिनीवरचे, निराळ्या जातीचे. त्यांनाही दमट हवा, क्लोरिन नसलेले पाणी आणि कात टाकण्यासाठी खोल ओली वाळू लागते. त्यांची पिल्ले मात्र समुद्रातच वाढतात. त्यामुळे दुकानातला खेकडा बहुधा किनाऱ्यावरूनच पकडून आणलेला असतो.

घरात असा प्राणी किंवा माशांची टाकी असल्यास पुढील काळजी घ्यावी :

१) हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

२) टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये.

३) चिमटा बसल्यास वा खरचटल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे. धनुर्वाताची लस झाली आहे का, ते पाहावे.

४) काही तासांतच जखम सुजून तीव्र वेदना, फोड वा ताप आल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. यकृताचा विकार वा मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे.

५) पाण्याच्या बशीतले पाणी रोज बदलावे. डेंग्यूचे डास घरातल्या साचलेल्या पाण्यातच वाढतात.

६) खेकडा-कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठत असेल, तर हाताळणेही टाळावे.

मुलांचे कुतूहल मात्र मारू नये. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला. त्यातील जाणकारांनी ओहोटीच्या वेळी जुहू, हाजीअली अशा ठिकाणी लोकांना नेऊन किनाऱ्यावरचे जीव दाखवले. तसेच करावे : ओहोटीला जावे, वाकून पाहावे आणि तिथेच सोडून यावे.

आणि बोटावरची गाठ दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर समुद्राचा किंवा टाकीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करा. त्यांनी विचारले नाही तरीही!