प्रमाणबद्ध रेखाटनाचे अध्यापन : लांबी, क्षेत्रफळ आणि रेषेची जाडी

पदवी संपादन करून आलेल्या विद्यार्थ्यास अंकप्रमाणाची व्याख्या विचारली तर ती तो बहुधा बिनचूक सांगतो. त्याच विद्यार्थ्यापुढे एकाच शेताचे १:१,००० आणि १:२,००० या प्रमाणांतील दोन नकाशे ठेवावेत आणि दुसऱ्यावर शेताने व्यापलेली जागा पहिल्याच्या कितवा हिस्सा आहे असे विचारावे. 'निम्मी' हे उत्तर पुष्कळदा येते. वस्तुतः ती एकचतुर्थांश असते. व्याख्या ठाऊक असणे आणि प्रमाण उमगणे या भिन्न गोष्टी होत. त्यांमधील अंतर केवळ नकाशावाचनाच्या तासांनी भरून निघत नाही. विद्यार्थ्याने स्वतः जमीन मोजून ती कागदावर उतरविली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभ वर्गखोलीपासून करण्याची रूढी आहे. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद खोली १:५० या प्रमाणात १६ × १२ सेंटिमीटर होते आणि कागदावर नीट बसते. परंतु हा नमुना फारच आज्ञाधारक आहे. त्यातील सर्व कोन काटकोन असल्यामुळे चार बाजू मोजल्या की चौकोन निश्चित होतो, असा चुकीचा ग्रह दृढ होतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांस एखाद्या वाकड्यातिकड्या आवारात न्यावे. चारही बाजू काळजीपूर्वक मोजूनही कागदावर एकाहून अधिक आकृत्या संभवतात, हे अनुभवास आले म्हणजे कर्ण मोजण्याची आवश्यकता निराळी सांगावी लागत नाही. एका कर्णाने दोन त्रिकोण निश्चित होतात. दुसरा कर्ण पडताळ्यासाठी राखून ठेवावा. साखळीने करावयाच्या मोजणीचा पाया हाच आहे.

जागेवर काढावयाचे कच्चे रेखाटन प्रमाणात असण्याचे कारण नाही. त्यावर मापे मात्र स्पष्ट लिहिलेली असावीत. प्रमाण नंतर ठरवावे, आणि ते शिक्षकाने ठरवून देऊ नये. सर्वांत मोठी लांबी कागदावर मावली पाहिजे, हे विद्यार्थी आपण होऊन पाहतो. दाखवावयाची सर्वांत लहान वस्तू कागदावर उमटली पाहिजे, हे मात्र तो विसरतो.

येथे रेषेच्या जाडीचा प्रश्न उपस्थित होतो आणि माझ्या मते अध्यापनात त्यास फारच थोडे स्थान मिळते. पेन्सिलीची रेषा पाव मिलिमीटर जाड आहे असे धरू. १:१,००० या प्रमाणात ती जमिनीवरील २५ सेंटिमीटर झाकते. १:१०,००० या प्रमाणात अडीच मीटर. शंभर मीटर लांबीच्या बांधावर ही दुसरी रेषा २५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे जमीन गिळते. अशा नकाशावर पट्टी ठेवून दोन भावांच्या वाटणीचा निर्णय करू पाहणाऱ्याने या रेषेत कोणाची जमीन गेली, याचा आधी विचार केलेला बरा.

गुंठा हे माप या कामी विशेष उपयोगी आहे. तो ३३ फूट बाजूचा चौरस होय. ही बाजू १०.०६ मीटर भरते. म्हणून १:१,००० या प्रमाणात गुंठा म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूचा चौरस. आलेखकागदावर शेत काढून सेंटिमीटरचे चौकोन मोजले की गुंठे मिळतात. एकराचे ४० गुंठे धरले तर या रीतीने येणारी तफावत सव्वा टक्क्याहून कमी असते. हेच शेत १:५०० मध्ये काढावयास सांगावे. प्रत्येक गुंठ्यास चार चौकोन लागतात, हे मोजणाऱ्या बोटालाच कळते. वर्गाचा नियम फळ्यावर नंतर आला तरी चालतो.

आणखी एक धोका छायाप्रतींचा आहे. ए-३ आकाराचा नकाशा ए-४ वर उतरविला असता लांबी सुमारे ०.७०७ पट होते. कोपऱ्यातील १:१,००० हा आकडा तसाच राहतो, पण खरे प्रमाण १:१,४१४ झालेले असते; त्या आकड्यावर विसंबणाऱ्यास १२ गुंठ्यांचे शेत ६ गुंठ्यांचे दिसते. मोबाइलच्या पडद्यावर तर त्या आकड्यास काहीच अर्थ उरत नाही. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसते आणि खरे राहते. म्हणून रेषाप्रमाणावाचून आलेले रेखाटन अपुरे समजून परत करावे.

'बृहत्प्रमाण' आणि 'लघुप्रमाण' या संज्ञांचा गोंधळ छेद मोठा दिसण्यामुळे होतो. त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी व नवी पत्रके शेजारी ठेवणे हा उत्तम उपाय होय. एका मैलास एक इंच, म्हणजे १:६३,३६० हे जुने प्रमाण. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारल्यानंतर १:५०,००० हे आले. दोन्ही पत्रकांत १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढाच प्रदेश असतो; छेद लहान झाल्यामुळे नव्या पत्रकावरील लांबी १.२७ पट आणि क्षेत्र १.६ पट भरते.

सपाट आवार साधल्यावर उताराची जमीन घ्यावी. नकाशा क्षितिजसमांतर अंतर दाखवितो, उतारावरील नव्हे. ३० अंशांच्या उतारावर फितीने मोजलेले १०० मीटर कागदावर ८६.६ मीटरच होतात. कोकणातील विद्यार्थ्यास त्यासाठी दूर जावे लागत नाही. फीत आडवी ताणून धरावी, तिच्या टोकाशी ओळंबा सोडावा आणि त्याच्या टोकाखालील खुणेपासून पुढचा टप्पा घेत उतार उतरावा. फीत आडवी राहिली की नाही हे एकाने बाजूला उभे राहून पाहावे; टप्पे लहान ठेवले तर तिला झोळ पडत नाही.