सेलेम ते जालना : पापबोधाचा प्रवास

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडहून भोकरदनमार्गे निघाले की जालना येते. इंग्रजी अमलात या वाटेवर राज्याची हद्द होती. धाड वऱ्हाडात, म्हणजे 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात. भोकरदन आणि जालना निजामाच्या मुलखात. याच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे राहायला आले ते मुख्यतः महार-मांग समाजांतले नवख्रिस्ती. बायबलातले नाव उचलून नव्या जमिनीवर गाव उभे करण्याची ही रीत त्याआधी दोनशे वर्षे अमेरिकेत रुळली होती. तिथल्या अशाच एका गावाचे नाव सेलेम.

1620 साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले धर्मनिष्ठ इंग्रज प्लिमथला उतरले. 1630 मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या पुढारपणाखाली प्युरिटनांचा मोठा जथा मॅसॅच्युसेट्सला पोचला. (आपल्याकडे तेव्हा दख्खनचा भीषण दुष्काळ चालू होता; त्यातच तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करीत गेली.) या मंडळींचा देव कडक. माणूस जन्मतःच पापी, स्वतःच्या पुण्याईने तो सुटू शकत नाही, आणि कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवलेले. मग आपण तारलेल्यांत आहोत की नाही हे कळणार कसे? त्यासाठी रोज आपलेच मन उकरायचे, रोजनिशी लिहायची आणि मंडळीत सामील होताना आपल्या परिवर्तनाची साक्ष सर्वांपुढे द्यायची. आरंभीचे अमेरिकन साहित्य बरेचसे या उकरण्यातून आले. ॲन ब्रॅडस्ट्रीटचे घर 1666 मध्ये जळाले. त्यावरच्या कवितेत ती राखेतल्या वस्तू एकेक आठवते, हळहळते आणि लगेच त्या हळहळीबद्दल स्वतःलाच फटकारते. मायकेल विगल्सवर्थने 1662 मध्ये न्यायाच्या अंतिम दिवसावर लांबलचक काव्य लिहिले आणि ते घरोघरी वाचले गेले. 1741 साली एनफिल्डच्या प्रवचनात जोनाथन एडवर्ड्सने नरकाच्या खाईवर धागाभर आधाराने लोंबकळणारा पापी असा काही उभा केला, की श्रोत्यांच्या किंकाळ्यांमुळे त्याला मध्येच थांबावे लागले.

1692 मध्ये सेलेममध्ये चेटकिणींचे खटले चालले आणि एकोणीस जण फाशी गेले. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल पाच वर्षांनी बोस्टनच्या चर्चमध्ये उभा राहिला. धर्मोपदेशकाने त्याचा कबुलीजबाब वाचून दाखवला आणि तोवर हा गृहस्थ सगळ्यांदेखत मान खाली घालून उभा होता. त्याच प्रकरणात दंडाधिकारी असलेल्या जॉन हॅथॉर्नला असा पश्चात्ताप झाल्याची नोंद नाही. तो पुढे त्याच्या वंशजाला झाला म्हणायचा. या वंशजाने, नॅथॅनिएल हॉथॉर्नने, 1850 च्या ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये छातीवर व्यभिचाराचे लाल अक्षर मिरवावे लागणारी हेस्टर आणि तेच पाप पोटात दडवून झुरणारा धर्मोपदेशक यांची गाठ घातली. उघड झालेल्या पापापेक्षा लपवलेले पाप माणसाला अधिक कुरतडते, हे त्याने ज्या ताकदीने दाखवले त्याला त्या काळातल्या अमेरिकन साहित्यात तोड नाही.

हा नॅथॅनिएल सात वर्षांचा असताना, 6 फेब्रुवारी 1812 रोजी, त्याच्याच सेलेम गावात पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. प्युरिटनांच्या नातवंडा-पतवंडांनी पापाची ही शिकवण थेट मराठी मुलखात आणली. त्यांनी छापखाना काढला, शाळा काढल्या, 1826 मध्ये मराठी नवा करार छापला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने दगावला. 1831 मध्ये नगरला ठाणे झाले आणि 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. बन्यन या इंग्रज प्युरिटनाच्या यात्रेकरूची गोष्ट हरी केशवजींनी 1841 मध्ये मराठीत आणलीच होती.

इथल्या समाजाला पाप काही नवे नव्हते. पण ते बहुधा घडणारे होते, धुता येणारे होते. 1843 च्या शेषाद्री प्रकरणात हा फरक साऱ्या मुंबईने पाहिला. थोरला नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत अजाण, मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला, त्यांच्यात जेवलेला. कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देववले, तेव्हा सनातन्यांनी काहूर उठवले. एका भावाचा दोष विधीने धुऊन निघेल का, यावर शहर भांडत होते. दुसऱ्याने असा धर्म पत्करला होता, की ज्यात कोणत्याच विधीने काही धुतले जात नाही. जालन्याचे बेथेल वसवणारा हाच थोरला भाऊ. त्याचे मिशन स्कॉटलंडचे, अमेरिकेचे नव्हे. पण कॅल्व्हिनचा वारसा दोघांकडे सारखाच.

बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. तीन वर्षांनी आलेल्या त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. तिची चौकट यात्रेची. पण यमुनेला वाटेत भेटतात त्या विधवा. वपन, उपास, छळ. नायिकेने आपले मन तपासावे अशी अपेक्षा असलेल्या प्रकारात तिने समाजच तपासायला घेतला. कलाकृती म्हणून पुस्तक बेताचेच, पण ही कलाटणी फार मोलाची. स्वतःच्या मनाचा झाडा पदमनजींनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात (1888) दिला. व्रते, शंका, घरच्यांची भीती यांची त्यातली बारकाईची नोंद वाचताना बोस्टनच्या रोजनिश्या आठवतात.

या सगळ्यांपेक्षा धारदार मजकूर मात्र एका शाळकरी मुलीचा आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाई साळवेचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. छापणारे पत्र पापाच्या कबुलीचे, मजकूर आरोपपत्राचा. इमारतींच्या पायात महार-मांगांना पुरल्याचे ती सांगते. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्या मांगाच्या शिराचा चेंडू करत, हेही. ज्यांना वेदाचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा तिचा सवाल आहे. मी किती पापी, हे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे प्रश्नचिन्ह होते. आमच्याविरुद्ध पाप कोणी केले, हे मुक्ताबाईचे. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात अमेरिकन साहित्य शिकवताना हॉथॉर्न येतो आणि ही मुलगी येत नाही, हा करंटेपणा आहे.

जन्मतः सगळेच पापी, या मताची एक बाजू बहुतेक टीकाकार विसरतात. ते मत भटजीला आणि येसकराला एकाच पायरीवर उभे करते. ज्यांना जन्मामुळे विटाळ मानले गेले, त्यांना हे किती वेगळे ऐकू आले असेल!

नारायण वामन टिळकांना मात्र नरकाच्या भीतीने ओढले नाही. 1893 मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनावर ते थबकले. 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला तरी तुकोबा सुटले नाहीत. मिशनच्या पेटीवरच्या भजनांत त्यांनी अभंग आणला आणि कोपिष्ट देवाच्या जागी माउली बसवली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तर अपराधी भावनेला फारसा थाराच नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळलेली ही बाई सोवळ्याओवळ्यातून सुटण्याची हकिगतही विनोदाने सांगते. अस्सल प्युरिटनाला ते सोसले नसते.

साक्षीचा जुना प्रकार शुद्ध रूपात भेटतो तो पंडिता रमाबाईंकडे. 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त उशिरा मिळाला, असे त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत मांडले. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात मुली रडत, ओरडत आपापली पापे कबूल करू लागल्या. एनफिल्डचे दृश्यच जणू दौंडजवळ घडले. फरक एवढा, की यांतल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचवलेल्या होत्या. पापाचा हिशेब मागायचाच तर तो त्यांनी जगाकडे मागायला हवा होता.

उलट वाहतूकही झाली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट 1910 मध्ये मायदेशी परतले आणि उरलेले आयुष्य मराठी संतांच्या इंग्रजी भाषांतरात घालवले. शिऊरच्या बहिणाबाईंचे आत्मनिवेदन त्यांच्यामुळे 1929 मध्ये इंग्रजीत आले. बहिणाबाई ॲन ब्रॅडस्ट्रीटच्याच शतकातल्या. दोघी संसारी, दोघी घरातूनच देवाशी बोलणाऱ्या. त्यांचा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास व्हायला हवा.

आणि एक काम जवळचे. मुक्ताबाईचा निबंध उरला, कारण तो छापला गेला. धाड, भोकरदन, जालना या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांची पत्रे, वह्या, भजनांची बाडे, बाप्तिस्म्याच्या वेळची टिपणे असतील, तर बुलढाणा आणि जालन्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी त्या घरी जाऊन, परवानगी घेऊन त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात. कागदांना वाळवी लागण्याआधी हे झाले पाहिजे.