एक तार तुटली तर?

संगणक एकमेकांना कसे जोडावेत, हा प्रश्न आता केवळ आमच्या धंद्यातला राहिलेला नाही. इथे मेडनहेडमध्येही आपल्या घराघरांत असे एक जाळे आहे. कोणतीही मांडणी तपासताना मी आधी एकच विचारतो: एक तार तुटली, तर काय काय बंद पडेल?

पहिली मांडणी 'बस'. जुन्या ईथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच केबलला जोडलेले असत. पातळ केबलची मर्यादा १८५ मीटर. खर्च कमी; पण केबल कुठेही तुटली की तुटक्या टोकावरून संदेश उलटे फिरत आणि सगळ्यांचेच बोलणे थांबे.

दुसरी 'रिंग', म्हणजे कडे. त्यात 'टोकन' नावाचा परवाना फिरत असतो. तो ज्याच्याकडे, त्यानेच बोलायचे. पाळी ठरलेली, त्यामुळे गोंधळ नाही. साधे कडे तुटले की काम ठप्प; दुहेरी कड्यात संदेश उलट दिशेने वळवता येतो.

तिसरी 'स्टार', आपल्या घरातली. मध्ये राउटर, बाकी सारे त्याला जोडलेले. एक तार गेली तर एकच संगणक अडतो आणि दोष चटकन सापडतो. राउटर बसला, की मात्र सगळे घर बसते.

चौथी 'मेश': प्रत्येकाची प्रत्येकाशी स्वतंत्र जोडणी. सर्वांत भरवशाची, पण ५ संगणकांना १० तारा लागतात आणि १० संगणकांना ४५! म्हणून मोक्याच्या ठिकाणीच दोन वाटा ठेवतात.

मात्र दोन तारा म्हणजे दोन वाटा नव्हेत. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात 'फ्लॅग' आणि 'सी-मी-वी ४' या केबल निकामी झाल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. 'फ्लॅग' कॉर्नवॉलहून मुंबईला जाणारी, दुसरी फ्रान्सहून. मालक वेगळे, पण समुद्राचा पट्टा एकच. काही वाहतूक पूर्वेकडून वळवून वेळ निभावली.

हाच हिशेब घरी करायला हवा. ब्रिटनमधली जुनी टेलिफोन व्यवस्था बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरवण्यात आली. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळे. नवा फोन राउटरवर चालतो. घरची वीज गेली की तोही मुका. घरी वृद्ध आई-वडील एकटे असतील, तर ९९९ कसा लागणार? चार्ज केलेला मोबाइल त्यांच्या हाताशी ठेवा. मोबाइलला रेंज नसेल, तर फोन कंपनीकडे बॅटरी मागा. लँडलाइनवरच विसंबून असणाऱ्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आणीबाणीचा फोन करता यावा, अशी सोय कंपनीने द्यावी, असे ऑफकॉमचे म्हणणे आहे. राउटरवर अवलंबून नसलेली एक तरी वाट प्रत्येक घराला हवी.