चार बोटं पाणी

पहाटे ५:३०

आज आषाढ शुद्ध द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या भातपट्ट्यात, बदली झाल्यावर शिकलेलं हे पहिलं गणित. तिथीची पाऊणपट करायची, बारात मिळवायची, की भरतीची वेळ निघते. त्यातून सव्वासहा तास मागे गेलं की सुकती. तेव्हा सव्वासातला बांधावर पोचायला हवं.

मी देवळ्याचा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून जो कसमादे पट्टा होतो, तिथला. घरी कांदा, थोडं डाळिंब आणि मका. गेली चार वर्षं अलिबाग तालुक्यात कृषी सहायक आहे, खोली पोयनाडला. आमच्याकडं घड्याळ चालतं ते लाइटीच्या वेळापत्रकावर आणि चणकापूर कालव्याच्या आवर्तनावर. पाणी कधी येणार, हाच प्रश्न. इथंही प्रश्न तोच, पण तो विचारणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो.

६:३०

नानांचा फोन. घरून आला की पहिलं वाक्य ठरलेलं.

“तठे पाऊस शे का रे?”

“शे ना नाना. रातभर चालू शे.”

“आठे थेंब नही.”

मग मुद्द्यावर आले. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडं कांद्याचं जुनं बारदान मागितलं होतं. फाटकं चालेल, पण गोणपाटच हवं. जाळीच्या पिशवीत चिखल राहत नाही. नानांना आधी वाटलं मी थट्टा करतोय. आता सांगत होते, दोन गठ्ठे उमराण्याहून काल रात्री कांद्याच्या गाडीवर टाकले, सकाळी वाशीला उतरतील. तिथून इथला भाजीचा टेंपोवाला दुपारनंतर आणणार.

“पन त्या गोण्यास्नं करशी काय?”

“समुद्र आडवाना शे.”

नाना हसले. देवळ्यात बसून हसू येणारच. समुद्र आमच्यासाठी कायम न्हावाशेवा बंदराच्या पलीकडची गोष्ट होती. तो उघडा असला की भाव आणि बंद झाला की बोंब. डिसेंबर २०२३मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा आमच्या गल्लीत समुद्राचं नाव जितक्या वेळा निघालं तितकं आधी कधी निघालं नसेल. समुद्राला उंची असते आणि ती बदलते, हे मला इथं येऊन कळलं.

७:१५

सुकती. खाडी आत ओढली गेलीय, काठावर चकचकीत चिखल आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या. गावातले काका आधीच उघाडीपाशी उकिडवे बसलेत. बहात्तरीचे आहेत. मला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. हा मान तलाठ्याचा, पण मी आता दुरुस्त करत नाही.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. दगडी खांबांच्या मधे लाकडी झडप, वरच्या बाजूनं टांगलेली. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं झडप आतल्या बाजूला घट्ट बसते, खारं पाणी बाहेर. खाडी उतरली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी झडप बाहेर ढकलतं आणि निघून जातं. ना मोटर, ना माणूस. आत्ता ती वीतभर उघडी आहे आणि खालून गढूळ गोडं पाणी सळसळत निघालंय.

या दाराचं सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे: बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली किती वेळ असतं. समुद्राची पातळी थोडी चढली, तर बांधावरून पाणी यायचीही गरज नाही. दार उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं. तेवढा वेळ पाऊस शेतातच अडकतो. पावसाच्या पाण्यानं मीठ धुवायचं आणि ते उघाडीतून बाहेर काढायचं, यावर इथली भातशेती उभी आहे. पाणीच निघालं नाही तर मीठ जाणार कुठं?

काकांनी बांधाच्या आतल्या बाजूचं चिमूटभर ढेकूळ उचललं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले.

“अजून हाय.”

माझ्या पिशवीत क्षारता मोजायचा पेनाएवढा मीटर आहे. प्लास्टिकच्या पेल्यात माती कालवली, थोडी बसू दिली, मीटर बुडवला. काकांचंच म्हणणं त्यानं आकड्यात सांगितलं. नमुना मी तरी बांधून घेतला. जिभेचा अहवाल कुठल्या फाइलला लागत नाही.

९:००

आठ जण जमलेत, पाच जणांची साठी उलटलेली. काम चिंबोऱ्यांची बिळं बुजवायचं. बिळं दिसायला क्षुल्लक, पण भरतीचं पाणी त्यातून बारीक धारेनं आत येतं, धार माती नेते आणि एखाद्या उधाणाला तिथंच खांड पडते. खांड पडली की दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर करतं आणि तिला रुंद करत जातं. पहिल्या दिवशी दहा टोपल्यांत भागणारं काम पंधरवड्यानं यंत्रालाही आवरत नाही.

बिळात हात घालून काका आधी चिंबोरी आहे का बघतात. असली तर ती डब्यात जाते. मग खाडीकडच्या चिकट काळ्या मातीचा गोळा, त्यात पेंढा, आणि वरून टाच.

पूर्वी या कामाला ‘जोळ’ होती. बांधाच्या आत ज्याची जमीन, त्यानं बांधाला हात लावायचा. घरटी माणूस यायचाच. पुढं १९४८ साली मुंबई राज्यानं खार जमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा आला, आणि बांध ही सरकारी बाब झाली. ते योग्यच होतं. एवढा खर्च गावाला पेलणारा नाही. पण त्यात एक गोष्ट सुटली. रोज बांधावरून चालणारा माणूस कुठल्याच कायद्यात नाही. पोरं पनवेल, मुंबईला कामाला गेली आणि बिळं वेळेवर दिसायची बंद झाली.

मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडं पाटचाऱ्यांचंही असंच झालं. पाट सरकारचा, चारी सगळ्यांची, म्हणजे गवत काढणारा कोणीच नाही.

११:००

शेतं बघत निघालो. बांधालगतच्या खाचरांत मोड आणून फेकलेलं बी हिरवं झालंय. वाण पनवेल-३. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं काढलेला हा वाण थोडं मीठ सोसतो. ‘थोडं’ हा शब्द मी शेतकऱ्यांना दोनदा सांगतो. बियाणं मीठ सोसतं, समुद्र सोसत नाही.

पुढं जुन्या खांडीच्या तोंडाशी मात्र शेतच नाही. कंबरेएवढी तिवरं उभी आहेत, त्यांची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली. सातबाऱ्यावर भातखाचर, जागेवर कांदळवन. खारं पाणी राहिलं की तिवरं येतात, आणि एकदा आली की त्यांना हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर तर खाजगी जमिनीतलं कांदळवनही तोडता येत नाही. निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लाटेचा जोर मोडायला तिवरांइतकं स्वस्त साधन नाही. बांधाच्या बाहेर ती असली तर बांध वाचतो. इथं ती बांधाच्या आत उगवलीत, हे दुखणं. ज्याची जमीन गेली त्याला तिवरं म्हणजे समुद्रानं लावलेली हद्दीची खूण वाटते.

याच खारेपाटातल्या कुळांनी चरीचा संप केला होता. खोतांच्या विरोधात, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, १९३३पासून सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. पोरांना उपाशी ठेवलं पण नांगर धरला नाही. काकांचे वडील त्यात होते. खोताशी संप करता आला, खाडीशी कसा करायचा, असं काका एकदा बोलून गेले. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

दुपारी १:३०

भरती. दीडच्या पुढं जरा वेळ, कारण मुंबईच्या तक्त्यापेक्षा खाडीत आत पाणी उशिरा चढतं. पाऊस थांबलाय, वारा मात्र नैऋत्येचा. झडप केव्हाच मिटली. तिच्या फटीतून फक्त बुडबुडे येताहेत.

उघाडीच्या खांबावर छिन्नीनं मारलेली एक आडवी खूण आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी डागडुजी झाली तेव्हा मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर आलं, तिथं काकांनी ती मारली. आज पाणी खुणेच्या वर आहे. काकांनी खांबाला हात लावला, करंगळी खुणेवर टेकवली आणि बोटं आडवी जुळवली. पाणी तर्जनीला लागलं.

“चार बोटं.”

मी मनातल्या मनात दुसरा हिशोब केला. उपग्रहांची सलग मोजणी आहे १९९३पासून. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत, २०१७पर्यंत, उत्तर हिंदी महासागर वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरनं चढला, असं केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२०चा अहवाल सांगतो. २००४पर्यंतच्या साधारण सव्वाशे वर्षांत हाच वेग एक ते पावणेदोन मिलिमीटर होता. त्या जुन्या काळाची नोंद आहे, कारण मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासून पाणी मोजलं जातंय. कारणं दोन: तापलेलं पाणी फुगतं आणि वितळलेला बर्फ समुद्रात येतो. ३.३ गुणिले पंचवीस, आठ सेंटिमीटरच्या वर. काकांची चार बोटं साधारण तेवढीच भरतात.

पण हा मेळ मी फार ताणत नाही. एका दिवसाच्या पाण्यावरून समुद्र मोजता येत नाही. आज वारा आहे. खांब खचला असेल. खाडीत गाळ साचला असेल. काका स्वतः रेतीउपसा आणि बार्जच्या लाटांना दोष देतात, तोही खोटा नाही. मला वाटतं, प्रश्न चार बोटं कुणाची हा नाहीच. बांधाला वर शिल्लक किती होती, हा आहे. शंभर पावलांवर एक सखल जागा आहे. तिथं शिल्लक तीनच बोटांची होती.

तिथून पाणी यायला लागलं. आधी ओल, मग पातळ पापुद्रा, मग आवाज. बांधाची बाहेरची बाजू धड असते. पाणी माथ्यावरून आत पडतं आणि आतला उतार खरवडत जातं. खांड आतून बाहेरच्या दिशेनं पडत जाते. आठही जण फावडी घेऊन धावले. मीही. देवळ्यात रात्रीचं पाणी भरताना मी याच फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडायचो. इथं तेच फावडं उलटं चाललं होतं.

पाऊण तासानं पाणी उतरायला लागलं. बांध राहिला. आतली तीन खाचरं मात्र खारी झाली. कोवळे कोंब तसेच हिरवे उभे होते. ते पिवळे पडायला तीन-चार दिवस लागतील.

३:३०

शाळेच्या ओट्यावर बसून कागद भरले. समुद्राचं उधाण राज्यानं आपत्तींत धरलंय, त्यामुळं पंचनामा होतो. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदतीला पात्र. आज उभं पीक हिरवं दिसतंय, म्हणून चार दिवसांनी पुन्हा यावं लागेल.

माझी अडचण एका रकान्याशी असते: ‘नुकसानीचा दिनांक’. आजची तीन खाचरं सोपी. पण शेजारच्या खाचराचं काय? तिथं पाणी कधीच वरून आलं नाही. झडप दरवर्षी थोडी जास्त वेळ मिटून राहिली, मीठ पुरतं धुतलं गेलं नाही, आणि दहा वर्षांत उतारा घटत घटत आता पेरणीच परवडत नाही. त्या नुकसानीला दिनांक नाही. गारपिटीला असतो. आमच्या देवळ्याला गारांनी कांदा झोडपला तर मिनिटासकट वेळ सांगता येते.

मी शेरा लिहिला, मातीच्या नमुन्याचा क्रमांक टाकला. शेऱ्याला पैसे मिळत नाहीत, पण पुढं कुणी शोधलं तर सापडेल.

५:४५

टेंपो आला. गठ्ठे सोडल्याबरोबर उमराण्याच्या मार्केटचा वास सुटला. कोरडा, तिखट, धुळीचा. गोण्यांच्या शिवणीत उन्हाळ कांद्याची लालसर फोलपटं अडकलेली. काकांनी एक हातात घेऊन बघितलं.

“आमचा पांढरा कांदा वेणीत बांधतात. तुमचा गोणीत येतो.”

“म्हणून तर बारदान उरतं, काका.”

सुकती पावणेआठच्या सुमाराला. उजेड असेपर्यंत सव्वा तास मिळेल. दोघांनी गोणी धरायची, एकानं चिखल भरायचा, सुतळीनं तोंड शिवायचं. सुई नानांनी गठ्ठ्यातच खोचून पाठवली होती, न सांगता. सखल जागेवर गोण्यांचे दोन थर, विटांसारखे सांधे मोडून. वर मातीचा लेप. अंधार पडेस्तोवर बेचाळीस गोण्या बसल्या. हा काही बंदोबस्त नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे. बंदोबस्त म्हणजे अख्खा बांध उंच करणं, त्याचा प्रस्ताव वेगळ्या वाटेनं वेगळ्या वेगानं जातो. गोण्या फक्त या उधाणापुरत्या. चार-पाच दिवसांत भांग, म्हणजे लहान भरत्यांचा काळ, लागला की पाणी खाली राहील आणि श्वास घ्यायला सापडेल.

रात्री ९:१५

नानांचा फोन.

“पोचना का बारदान?”

“पोचनं. बांधमा गयं.”

“आनि कितलं लागी?”

मी जरा थांबलो. “या उधाणले भागी. पन पौर्णिमेले लागी.”

“बरं. धाडस.” आणि मग, ठेवता ठेवता, “तठलं पाणी खारंच शे ना पुरं?”

“पुरं.”

रात्री दोनला दुसरी भरती आहे. पावसाळ्यात रात्रीची दिवसापेक्षा कमी चढते, तरी काका कंदील घेऊन जाणार. मी दीडचा गजर लावला. उद्या तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सकाळी आठला सुकती, आणि आज ओल्या असलेल्या गोण्या किती बसल्या ते बघायचं. चार बोटांच्या वर अजून किती शिल्लक राहिली, तेही.