लाळ्या-खुरकूत: लस आधीच का घ्यायची?



गटाच्या बैठकीत लसीकरणाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. "लस दिली की दूध कमी होते" आणि "आजार आलाच तर इंजेक्शन देऊ." पहिल्यात थोडं खरं आहे, दुसऱ्यात मोठा धोका आहे.

लाळ्या-खुरकूत, म्हणजे तोंडखुरी-पायखुरी, विषाणूमुळे होते. विषाणूकडे फक्त स्वतःची प्रत बनवायची चिठ्ठी असते आणि तिच्यावर प्रथिनांचं कवच. बाकी सगळी यंत्रं तो जनावराच्या पेशीची वापरतो.

पेशी म्हणजे आपल्या तुमसरकडची धान गिरणी समजा. तिच्या भिंतीवर इंटिग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीच्या स्वतःच्या कामाचं, पण विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. तोंड, जीभ आणि खुरांच्या बेचक्यातल्या पेशींवर त्याला हवं तसं इंटिग्रिन मिळतं, म्हणून फोडही तिथेच येतात.

पेशीचा माल गिरणीत पुढच्या दारानं येतो. त्या दारावर काम करणारं एक प्रथिन विषाणू कापून टाकतो. पेशीचं काम अडतं. विषाणूची चिठ्ठी मात्र मागच्या दारानं जाते आणि यंत्रं त्याचाच माल काढू लागतात. काही तासांत ढीगभर नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरतात.

अँटिबायोटिक जिवाणूंच्या यंत्रावर घाव घालतं. विषाणूकडे स्वतःचं यंत्रच नाही, मग ते मारणार कशाला? डॉक्टर इंजेक्शन देतात ते जखम चिघळू नये म्हणून. ते जरूर घ्या, पण त्यानं विषाणू मरत नाही.

लशीत मेलेला विषाणू असतो. त्याला ओळखून शरीर प्रतिपिंडं तयार करतं. खरा विषाणू आला की ती त्याला चिकटतात, मग त्याला इंटिग्रिन धरता येत नाही. ही तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ताकद उतरते. म्हणून पोळा, शंकरपट, बाजार यांच्या आधीच लस हवी आणि दर सहा महिन्यांनी हवी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती मोफत आहे.

लशीनंतर घटलेलं दूध दोन-चार दिवसांत भरून येतं. आजारानंतर काही गाईंचं दूध पूर्वीसारखं येतच नाही. रोवणीच्या दिवसांत बैल पाय टेकवत नाही. लहान वासरू हृदयावर परिणाम होऊन दगावू शकतं. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

लक्षात ठेवा:
• वासराला चौथ्या महिन्यात पहिली लस, महिन्याभरानं दुसरी.
• लाळ गळणे, लंगडणे दिसताच जनावर वेगळं बांधा. चारा-पाणी निरोग्यांना आधी, आजाऱ्याला शेवटी.
• आजारी गाईला वासरू पाजू नका. दूध उकळूनच वापरा.
• पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ वर फोन करा.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान काढा. प्रत्येकीचं जनावर, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, शेवटच्या लसीची तारीख. ज्या ताईची तारीख रिकामी राहील, तिच्या गोठ्यापासून सुरुवात करू.