जुने ऑइल इंजिन नीट का चालत नाही?

वैशाखाचे ऊन तापलेले असते. शेतातील ऊस पाण्यावाचून कोमेजू लागलेला असतो. विहिरीत पाणी पुरेसे असते; परंतु ते वर काढणारे जुने ऑइल इंजिन अडखळत चालते, काळा धूर ओकते आणि घटकाभरात बंद पडते. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग दिसतात. इंजिन सबंध खोलावयाचे, किंवा भंगारात विकावयाचे. वस्तुतः या दोहोंच्या आधी तिसरा मार्ग आहे, आणि तो म्हणजे क्रमाने केलेली तपासणी. तीस दोन-चार पाने, स्वच्छ फडके, थोडे स्वच्छ डिझेल आणि तासा-दोन तासांचा धीर एवढेच साहित्य लागते.

पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील विहिरींवर मोटेची जागा ऑइल इंजिने घेऊ लागली. जड चाकांची व सावकाश फिरणारी ही इंजिने मोठी टिकाऊ असतात. पुष्कळदा त्यांचा बिघाड लहान असतो, परंतु तो भलत्याच ठिकाणी शोधला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला तो प्रकार होतो.

इंजिनास काय हवे?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि तिच्यात नोझलमधून उडालेले डिझेलचे तुषार आपोआप पेटतात. मिनिटास ६५० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या इंजिनात हे कार्य दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे मिनिटास ३२५ वेळा घडते. त्यासाठी स्वच्छ इंधन, मोकळी हवा, पुरेसा दाब आणि डिझेलचे बारीक व वेळेवर उडणारे तुषार या चार गोष्टी लागतात. तपासणीही याच क्रमाने करावी, कारण सोपे काम त्यात आधी येते.

पहिली पायरी : इंधन

महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व सर्वांत आधी नळीत उतरते. म्हणून टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढून टाकावा, झाकणाचे वायुछिद्र मोकळे आहे का ते पाहावे आणि फिल्टर साफ करावा किंवा बदलावा.

टाकी रिकामी झाली किंवा नळी सोडली, की इंधनमार्गात हवा शिरते. मग इंजिन चालू होऊन लगेच बंद पडते. ही हवा काढण्यासाठी टाकीचा कॉक उघडून फिल्टरवरील स्क्रू सैल करावा. बुडबुड्यांविना डिझेल वाहू लागले की घट्ट करावा. त्यानंतर फ्युएल पंपाकडील स्क्रू व शेवटी नोझलजवळील नळीचा नट याच रीतीने सोडून कसावा. हा शेवटचा नट सैल असता हँडलने चाक फिरवावे लागते.

दुसरी पायरी : हवा व भार

एअर क्लीनर धुळीने तुंबला, की डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर येतो. तो साफ करूनही धूर राहिला, तर इंजिन बंद करून पट्टा उतरवावा व ते मोकळे चालवून पाहावे. मोकळे असता ते सुरळीत चालत असेल, तर प्रथम पंपाकडे वळावे. ग्लँड फार आवळलेली असणे, बेअरिंग धरणे किंवा पुलीचे माप चुकणे यांमुळे भार वाढतो. इंजिनाची शक्ती घटली असल्यास तीही भारावरच उघडी पडते. म्हणून पंप निर्दोष ठरल्यावर पुढील पायरी घ्यावी.

तिसरी पायरी : दाब

इंधन बंद ठेवून व डिकॉम्प्रेशनचा खटका खाली पाडून चाक हाताने सावकाश फिरवावे. दाबाच्या जागी त्याने जोराचा अडथळा करून मागे उसळी घ्यावयास हवी. तसे न होता हवा फुसफुसत निघाली, तर कान द्यावा. आवाज एअर क्लीनरकडून आल्यास आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आल्यास धुराचा व्हॉल्व्ह, आणि खालच्या तेलाच्या पेटीकडून आल्यास पिस्टनच्या रिंगा संशयास्पद समजाव्यात. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी टॅपेटमधील फट इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे आहे ना, हे पाहावे. फटच नसेल तर चांगला व्हॉल्व्हही नीट बसत नाही.

चौथी पायरी : नोझल

ठिबकणाऱ्या नोझलमुळे काळा धूर व ठोके येतात. त्याची परीक्षा कसबी मिस्त्र्याकडे यंत्रावर करवावी. डिझेल उडवण्याची वेळ जुळवण्याचे कामही त्याचेच. नोझल उघड्यावर चालवून तुषारांपुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते. तसे घडल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे हवा अपुरी, भार अधिक किंवा नोझल सदोष. निळा म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा पाणी बाहेर पडत आहे, असे समजावे.

जिवाची काळजी

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास वास नाही व रंग नाही. म्हणून विहिरीत उतरवून किंवा बंद खोपटात इंजिन चालवू नये. विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे तसेच उतरू नये, कारण वाचवणाराही त्यात दगावतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटका बसल्यास हात सुटतो. पट्ट्याजवळ धोतराचा सोगा वा पदर लोंबू देऊ नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. त्याने हेड तडकते.

ग्राम कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना एक नियम आवर्जून सांगावा : एका वेळी एकच बदल करावा, इंजिन चालवून पाहावे, आणि काय केले ते वहीत टिपावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वैशाखात तोच शोध पुन्हा करावा लागतो. पाण्याची पाळी चुकण्यापूर्वी, हंगामाच्या आरंभीच ही तपासणी उरकली, तर इंजिन वाचेल आणि पीकही वाचेल.